दोन तुकड्यांची टाकी

वर्ध्याच्या नव्या कारखान्यातली पहिलीच टाकी मी दोन तुकड्यांत बनवून ठेवली. गरज काडीची नव्हती.

सवय मुंबईची. तिथं आमच्या कारखान्यातून माल बाहेर काढायला एकच जुना पूल. तो थकला, डागडुजीनं भागेना, तेव्हा त्यावर जड गाड्या बंद झाल्या. मग मी युक्ती काढली. तेलाच्या टाक्या अर्ध्या-अर्ध्या करायच्या, दोन छोट्या गाड्यांत घालायच्या आणि गिऱ्हाइकाच्या अंगणात बोल्टांनी जोडायच्या. मालकानं या अकलेबद्दल मला शालही पांघरली. पुढे जोडातून तेल पाझरायला लागलं, गिऱ्हाइकं तुटली. शेजारचा दोरवाला कारखाना बंद करून गेला, रंगवालाही गेला. मालाला मागणी होती. माल वेशीबाहेर पडत नव्हता. शेवटी मालकानं विचारलं, "तुमच्या वर्ध्याकडे रस्ते कसे आहेत?" मी असा फुगलो, की जणू ते मीच बांधले होते!

तर कारखाना वर्ध्याला हलला, आणि पहिली ऑर्डर आली आर्वीच्या ऑइल मिलची. मालकीणबाई स्वतः टाकी पाहायला आल्या. हात फिरवता फिरवता थांबल्या.

"भाऊ, हे मधात काय हाये?"

"जोड आहे, ताई. दोन गाड्यांत नेता येते. जड गाडी पुलावर सोडत नाहीत ना…"

"आर्वीच्या रस्त्यानं सारे ट्रेलर जाऊन राह्यले. तुमाले कोणता पूल अडवते?"

मी आर्वीच्या दिशेनं पाहिलं, एखादा दिसतो का म्हणून.

"अख्खी द्या. जोडाची मी घेत नाई."

पहिलीच ऑर्डर हातची जाणार, तीही माझ्याच गावात. मुंबईहून आलेले कारागीर आणि बोरगाव मेघेचे नवे वेल्डर, दोघांनी मिळून कडा कापल्या, टाकी सलग जोडली, काठोकाठ पाणी भरलं. सकाळी खालची जमीन कोरडी ठणठणीत! माझे डोळे तेवढे ओले होते. ते मी वेल्डिंगच्या धुरावर ढकललं.

भर दुपारी ट्रेलर फाटकाबाहेर पडला. एक गाडी, एक टाकी, पोटावर मोठ्या अक्षरांत 'वर्धा'. आपला माल असा सबंध, ऐटीत जाताना मी किती वर्षांनी पाहत होतो. रस्त्यात चहाला थांबलो, तर चहावाल्यानं न विचारताच मी त्याला सांगितलं, "आमची आहे."

आर्वीत टाकी उतरली. बाईंनी पुन्हा हात फिरवला, या वेळी न थांबता.

"काम एक नंबर हाये, भाऊ. मुंबईहून मशिनी आणल्या, कारागीर आणले, बरं केलं. पण तुमाले कायले आणलं?"