फ्लॉवरकाकांचं नाव

समजा, तुमच्यावर एक काम सोपवलंय. परक्या देशात पहिल्या दिवशी ज्या माणसाने तुम्हाला जेवू घातलं, त्याच्याविषयी एक परिच्छेद लिहायचा. वर त्याचा फोटो, खाली पूर्ण नाव. किती वेळ लागेल?

यतीनला वाटलं होतं, शनिवारचा एक आर्वो, म्हणजे एक दुपार, पुरे.

ऑस्ट्रेलियातल्या वेरिबीच्या लायब्ररीत गावातल्या जुन्या माणसांची एक भिंत आहे. पहिली नर्स, अग्निशमन दलाचा कॅप्टन, पुरात होडीतून पाव वाटणारा बेकरीवाला. यंदा तिथल्या मार्गारेटबाईंनी मराठी मंडळाला एक जागा देऊ केली. एरवी गणपतीच्या मेन्यूवरूनही मंडळात दोन तट पडतात, पण या वेळी सगळ्यांच्या तोंडी एकच माणूस होता. फ्लॉवरकाका.

काका वेरिबी साउथच्या शेतांवर, भाजी पॅक करायच्या शेडमध्ये कामाला होते. पुण्या-मुंबईहून कोणी पोरगं येतंय असं कानावर आलं की आपली जुनी गाडी काढून एअरपोर्टवर हजर. ओळख असो वा नसो. फ्लॉवरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर जाड मार्करने येणाऱ्याचं नाव लिहायचे, वडिलांच्या नावासकट, देवनागरीत.

"इंग्रजीत का नाही लिहीत, काका?" यतीनने गाडीत बसल्यावर विचारलं होतं.

"अरे, इतक्या लांब येऊन आपलं नाव आपल्या अक्षरात दिसलं की पोरगं ताठ चालायला लागतं. तूच बघ, कसा आलास ते."

नोकरी लागेपर्यंत यतीन त्यांच्या गॅरेजमागच्या खोलीत राहिला. भाजी रोज एकच.

"काका, माझ्या अंगाला आता फ्लॉवरचा वास येतो."

"मग इंटरव्ह्यूला अत्तर लावून जा!"

हे सगळं लिहून, गणपतीतला एक फोटो जोडून यतीन लायब्ररीत गेला. मार्गारेटबाईंनी मन लावून वाचलं.

"छान. काका हे आडनाव का?"

"नाही, काका म्हणजे अंकल."

"कोणाचे?"

"सगळ्यांचेच."

"बरं. मग त्यांचं नाव काय?"

"उद्या कळवतो," म्हणून यतीन कागद उचलून निघाला.

घरी बायको, मेधा, चाटच पडली. "त्यांच्या घरी राहिलास, जेवलास, आणि नाव माहीत नाही?"

"मोठ्या माणसाला तुमचं नाव काय, असं विचारतं का कोणी? काकाच म्हणायचो ना."

"आडनाव तरी?"

यतीनने फोन काढला. फोनमध्ये नंबर होता, 'फ्लॉवरकाका' म्हणून सेव्ह केलेला. तो कधीच बंद पडला होता. मंडळाच्या ग्रुपवर त्याने विचारलं, तर सगळ्यांच्या फोनमध्ये तेच नाव. हृषिकेशने लिहिलं, "बहुतेक जोगळेकर." नीरजाने विचारलं, "कशावरून?" तो म्हणाला, "तसे वाटायचे." शेड दुसऱ्याने विकत घेतली होती. तिथल्या एका जुन्या ड्रायव्हरला काका आठवत होते. "काका? गुड मेट!" तो म्हणाला. मराठी पोरांचं ऐकून तिथेही सगळे त्यांना काकाच म्हणायचे.

मग यतीनला काकांचा तो शेवटचा फोन आठवला. खरं तर तो विसरला नव्हताच, फक्त त्याकडे बघायचं टाळत होता.

"यतीन, गुरुवारी मोकळा आहेस का रे?"

"काका, गुरुवारी आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. काही अर्जंट?"

"नाही रे. नो वरीज. तू काम कर."

आठवड्याभराने कळलं की काका कायमचे भारतात गेले. त्याच गुरुवारी, एअरपोर्टला टॅक्सी करून. सगळ्यांना आणायला जाणाऱ्या माणसाला सोडायला कोणी गेलं नव्हतं. यतीन गेला असता, तर एअरपोर्टच्या काउंटरवरच्या बाईने काकांना नावाने हाक मारली असती आणि ती त्याच्या कानावर पडली असती.

मार्गारेटबाई शुक्रवारपर्यंत थांबल्या. नावाशिवाय भिंतीवर लावता येत नाही, असं त्यांनी दोनदा माफी मागून सांगितलं. त्या जागी आता एका शाळेच्या माळ्याचा फोटो आहे. खाली त्याचं नाव, मधलं नाव, आडनाव.

त्या संध्याकाळी यतीनने गॅरेजमधून स्वतःची पाटी शोधून काढली. 'यतीन मोरेश्वर गद्रे.' वळणदार अक्षर, शाईचा रंग थोडा उडालेला. खुळ्यासारखं त्याने पुठ्ठा उलटूनही पाहिला. मागे फ्लॉवरचं चित्र होतं.

मेधा दारात उभी होती. "काय शोधतोयस?"

"काही नाही," तो म्हणाला. पाटी मात्र त्याने खाली ठेवली नाही. काका तिकडे उतरले तेव्हा बाहेर कोणी पाटी घेऊन उभं होतं का? आणि असलंच, तर त्या पाटीवर काय लिहिलेलं होतं?