थांबूया मॅडम

आमच्या बिबवेवाडीतल्या फळवाल्याने दुकानावर पाटी लावली होती : ‘फळे दाबू नयेत. दाबण्याची हौस असल्यास घरी उशी आहे.’ कांबळे मॅडम या पाटीसमोर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. अख्ख्या जिल्ह्याचे आंबे दाबून दमलेली बाई, पण पाटी म्हणजे पाटी. फळवाला विचारायचा, “काय देऊ?” मॅडम ढिगाकडे लांबूनच बघायच्या आणि म्हणायच्या, “थांबू या. अजून तयारीला आले नाहीत.” हे ऐकून मागची सगळी गिऱ्हाइकं पिशव्या घड्या करून घरी जायची. शेवटी फळवाल्याने मला बाजूला घेऊन विनंती केली, की मॅडमना पाटीतून सूट देतो, वाटेल तेवढं दाबू देत, फक्त बोलायचं नाही.

विमल कांबळे आमच्या कंपनीत फळतपासनीस होत्या. कंपनी म्हणजे मार्केट यार्डात एक पत्र्याची शेड, तीत एक शेठ, आणि परदेशी माल पाठवायची दांडगी उमेद. देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि त्या दारातून पहिला आंबा आपलाच गेला पाहिजे असं शेठला वाटत होतं. मी गाड्या आणि माल रवाना करायचं काम बघायचो. मॅडम शेतकीतल्या एम.एस्सी. राहायला खडकीला. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, त्यामुळे घाईत काम केल्यावर काय होतं हे त्या घरात लहानपणापासून पाठ.

मॅडमकडे फळाचा घट्टपणा मोजायचं यंत्र होतं. दिसायला सायकलच्या पंपाचं शेंडेफळ. एका टोकाला सुईची तबकडी, दुसऱ्या टोकाला लोखंडी बोटूक. फळाच्या गालावरची साल टिकलीएवढी काढायची, बोटूक टेकवायचं आणि खुणेपर्यंत सावकाश आत दाबायचं. किती जोर लागला ते सुई सांगते. जोर जास्त लागला तर फळ कच्चं. बेताचा लागला तर तोडायला तयार. बोटकं दोन होती. जाड ते आंब्याला, बारीक ते पेरूला. मॅडम त्यांना अंगठा आणि करंगळी म्हणायच्या.

पहाटे जीपने निघायचं. जीप अशी, की चढावर आम्ही उतरायचो आणि उतारावर ती आमची वाट न बघता जायची. बागेत पोचलं की बागवाला म्हणणार, “मॅडम, आंबा एकदम तयार हाय.” मॅडम एकेका झाडाखाली जायच्या, आंबा घ्यायच्या, टिकली काढायच्या, दाबायच्या. मग चष्मा काढून डोळे चोळायच्या आणि म्हणायच्या, “थांबू या.” की परत पुणे. चार दिवसांनी पुन्हा तीच बाग, तेच झाड. भोक पाडलेले आंबे मी घरी न्यायचो. आमच्या घरी वर्षानुवर्षं चिंच आणली नाही, आणि माझ्या मुलाला बरेच दिवस वाटत होतं की आंबा भोकासकटच झाडाला लागतो.

शेठ संतापायचा. “मॅडम, बोटीला घाई आहे.” मॅडम शांतपणे सांगायच्या, “बोटीला असेल. आंब्याला नाही.” माझ्याशी मात्र जीपमध्ये वेगळं बोलायच्या. “अहो जगताप, ‘थांबू या’ म्हणण्यात काही नाही, ते उद्या बदलता येतं. ‘तोडा’ एकदाच म्हणता येतं.” एवढं बोलून खिडकीला डोकं टेकून झोपायच्या. इतक्या गाढ, की एकदा खडकीऐवजी मी त्यांना लोणावळ्यापर्यंत नेलं होतं. (नेलं नव्हतं. पण नेता आलं असतं.)

त्या वर्षी मॅडमच्या आईने अंथरूण धरलं. रात्रभर आई, दिवसभर आंबे. डोळ्यांखाली अशी काजळी, की बागवाल्यांच्या बायका न विचारता चहा आणून द्यायच्या. आणि नेमकं त्याच वर्षी आमचा पहिला आख्खा कंटेनर समुद्रमार्गे जायचा होता. शेठने पेढे आधीच वाटले होते.

जुन्नरकडच्या एका मोठ्या बागेत गेलो. मॅडमनी पहिलाच आंबा दाबला आणि सुईकडे बघत राहिल्या. दुसरा दाबला. दहा झाडं फिरल्या. मग आयुष्यात पहिल्यांदा, पहिल्याच फेरीत, म्हणाल्या, “तोडा.”

बागवाल्याला खरं वाटेना. मला वाटेना. त्यांना स्वतःला वाटलं, कारण त्यांना घरी जायचं होतं. माणसं झाडांवर चढली आणि आम्ही निघालो.

खेडच्या अलीकडे चहाला थांबलो. मॅडम यंत्र पुसायला बसल्या. पुसता पुसता हात थांबला. मला वाटलं, डुलकी लागली. त्यांनी यंत्राचं टोक माझ्यापुढे धरलं. टोकाला करंगळी होती. आदल्या दिवशी हस्त बहाराचे, म्हणजे उन्हाळ्यात निघणारे, उरलेले पेरू तपासले होते, तेव्हा लावलेली, बदलायची राहिली. बारीक बोटूक कमी जोरात आत शिरतं. सुईने कमी दाखवलं, आणि कच्चा आंबा तयार ठरला.

माझ्याकडे तेव्हा नवा मोबाईल होता, विटेएवढा. बागवाल्याच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. घरातलं सगळं माणूस झाडावर. मी जीप वळवली. त्या दिवशी ती चढावरसुद्धा पळाली, हे मी शपथेवर सांगतो. पोचलो तेव्हा माणसं हात धूत होती. क्रेटच्या भिंती उभ्या होत्या आणि झाडं नुसती हिरवी.

मॅडम बागवाल्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “दादा, माझी चूक झाली. आंबा तयार नव्हता.”

बागवाल्याने झाडांकडे बघितलं. “आता काय करता मॅडम,” तो म्हणाला, “चिकटवता तर येत न्हाय.”

यार्डात शेठने सगळं ऐकून घेतलं आणि शेडचं दार लावलं. त्याचं म्हणणं सोपं होतं. ही गोष्ट बागवाला धरून चौघांनाच माहीत. सुईने तयार दाखवलं, मॅडमनी तपासणीच्या दाखल्यावर सही करावी, बोट जाऊ द्यावी. तिकडे आंबे सुरकुतले तर समुद्राला दोष द्यायला कुणाची ना नाही.

“सुईला कळलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “मला कळलंय. थांबू या.”

कंटेनर रिकामा गेला. बागवाल्याला शेठने वाऱ्यावर सोडलं नाही, सगळा कच्चा माल विकत घेतला, हेही सांगायला हवं. त्या उन्हाळ्यात मार्केट यार्डापासून बिबवेवाडीपर्यंत एकही घर हापूसच्या लोणच्याशिवाय राहिलं नाही. शेठ पुढचे पेरू येईपर्यंत मॅडमशी बोलला नाही, निरोप माझ्यामार्फत. मॅडमची आई त्याच पावसाळ्यात गेली.

त्या दिवसानंतर मॅडमनी करंगळी यंत्राच्या पेटीत ठेवलीच नाही. मला आणून दिली. “जगताप, ही तुमच्याकडे. मी मागितली की विचारायचं, कशाला. नुसतं ऐकून द्यायची नाही.” मग दर पेरूच्या हंगामात आमचा संवाद ठरलेला. “करंगळी द्या.” “कशाला?” “पेरूला.” मी नीट बघून द्यायचो, संध्याकाळी नीट बघून परत घ्यायचो. एवढी शिकलेली बाई, पण विचारण्याचा कधी राग आला नाही. उलट मी एकदा गप्प देऊ लागलो तर हात मागे घेतला आणि वाट बघत उभ्या राहिल्या.

पुढे शेठच्या पुतण्याने फळाला भोक न पाडता उजेडाने तपासणारं यंत्र आणलं. त्याला संगणक जोडला होता. आम्ही जायचो त्यातल्या निम्म्या बागांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. माझा मुलगा त्यातल्याच एकीत लागला. तिथे सगळं कालच हवं असतं म्हणे. मॅडम निवृत्त झाल्या. यंत्र शेठने त्यांना भेट दिलं. करंगळी माझ्याकडेच राहिली. त्यांनी मागितली नाही, मीही दिली नाही.

शेवटचं खडकीला भेटायला गेलो तेव्हा मॅडम खाटेवर होत्या, आईच्याच. आवाज उशीत दाबल्यासारखा येत होता. बुद्धमूर्तीपुढे ताजी फुलं होती. मी नेहमीप्रमाणे थापा मारल्या: शेठ कसा आता स्वतःच पिकत चाललाय आणि कुणी तोडत नाही. त्या हसल्या. हसण्यानेही दमल्या. मग डोळे मिटूनच म्हणाल्या, “करंगळी आणलीत?”

शर्टाच्या खिशातच होती. पण नेम तो नेम. मी विचारलं, “कशाला?”

“बरं झालं विचारलंत,” त्या म्हणाल्या. “आता आठवत नाही. राहू द्या तुमच्याकडे.”

आठवड्याने गेल्या. घरात त्रिशरण झालं, खाली गल्लीत हातगाडीवर पेरू आले होते.

करंगळी अजून माझ्या खिशात असते. धोब्याने ती तीनदा परत आणून दिली आहे. उपयोग काही नाही. कुणी येऊन मागेल अशी शक्यता तर मुळीच नाही. पण मागितलीच, तर विचारायला कुणीतरी हवं.