वकिलाचा पोट्टा बाकावर

मी भारताच्या एकवीस वर्साखालच्या बास्केटबॉल टीमचा कोच व्हतो. बास्केटबॉल म्या आजवर हातात धरला नाई. एकदा डोक्यावर आला व्हता, तोही शाळेच्या भिताडाबाहेरून जाताना.

भिताडाच्या आतला संबंध सातवीतच तुटला. राजापेठेत मी गाड्यांच्या सीटा शिवतो. गिऱ्हाईक नसलं का मोबाईल काढतो, अन् हा खेळ त्या मोबाईलवरचाच. त्यात ज्याची त्याची एक टीम असते. खोटे पोट्टे असतात, ते पोसाचे, शिकवाचे. मॅच कंपुटर आपल्या मनानं खेळून टाकते. देशाच्या टीमचा कोच मातर मालक लोकं मतं देऊन निवडतात. त्यानं साऱ्यायच्या टीमीतून चांगले पोट्टे उचलाचे, मैदानात कोन अन् बाकावर कोन हे आधीच भरून द्याचं. मॅच सुरू झाली का कोचच्या हातात काई नाई, नुसतं पाहाचं. मले वाटलं, हे काम आपल्याले जमते. निवडूनही आलो. माह्यासमोर जो उभा व्हता, त्यानं मतदानाच्या आधी खेळच सोडून देल्ला.

मी उभा काहून राहिलो? बदला घ्याले.

माहा साडभाऊ अकोल्याले जठारपेठेत राहाते. वकील हाये. अंगानं इतका हडकुळा, का काळा कोट खुंटीवर बरा दिसते. माह्या बायकोची लहान बहीन त्याले देल्ली. म्हंजे थोरला जवाई कोन? मी. धोंड्याच्या महिन्यात सासूनं आमाले दोघाले चांदूर बाजारले जेवाले बलावलं. हा महिना जवायाच्या मानाचा. ओवाळतात, कपडे करतात, अनारसे चारतात. घरात पाट दोन. एक नक्षीचा, पितळी फुलं ठोकलेला, सासूच्या माहेरून आलेला. दुसरा आंघोळीच्या पाटासारखा.

सासू म्हने, "वकीलसायेब, तुमी या पाटावर बसा." मंग माह्याकडं पाहून म्हने, "जवाईबुवा, तुमी तिकडं, भिताडाशी."

सासऱ्यानं तं वरून तांब्याही पयले त्याच्याकडंच सरकवला. म्या रागारागात अनारसे खाल्ले. राग लय व्हता, म्हून अनारसेही लय गेले. पन मनात गाठ मारली, का लेका, तुले म्या याच घरात बाजूले बसवलं नाई तं पाय.

हा खेळ त्याले म्याच शिकवला व्हता. त्यानं त्याच्यात एक उंच पोट्टा तयार केला, बास्केटखाली उभा राहाचा. तसा पोट्टा देशात दुसऱ्या कोनापाशी नाई. कोच झाल्याबरोबर म्या त्या पोट्ट्याले टीमीत घेतलं, अन् बाकावर बसवलं. बास्केटखाली लावला माह्या टीमीचा पोट्टा. तो माह्यावरच गेला व्हता, रुंद अन् मंद.

वकिलाचा फोन आला, "साडभाऊ, माझ्या पोराचं काही चुकतंय का? खेळवत नाही तुम्ही."

"त्याची उडी कमी पडून राहिली. उडी शिकवा."

बिचाऱ्यानं महिनाभर उडी शिकवली. मंग म्या म्हनलं, आता पासिंग पाह्यजे. त्यानं पासिंग शिकवलं. कोर्टात लोकायले तारखा देते हा मानूस, त्याले मी तारखा देऊन राहिलो! सीट शिवता शिवता मले एकट्यालेच हासू ये. एका गिऱ्हाईकाची सीट तं हासता हासता उलटीच शिवली.

जिंकलं तं पुढच्या फेरीत, हारलं तं घरी, अशी एक मॅच आली. नेमकं त्याच रविवारी सासऱ्यानं रोडग्याचं जेवन ठेवलं. मले तं देवच पावला. म्हनलं, साऱ्यायच्या समोर मोबाईल उघडाचा, अन् वकिलाचा पोट्टा पुरी मॅच बाकावर बसलेला सासूले दाखवाचा. तिनंच इचाराले पायजे, का हे वकीलसायबाचं पोट्टं काहून बसून हाये वो?

अंगनात गोवऱ्याच्या आरावर रोडगे भाजून राहिले व्हते, वांग्याच्या भाजीचा वास सुटला व्हता. मोबाईल म्या बाजेवर उभा केला. मॅच सुरू झाली. माह्या पोट्ट्यानं पयल्याच झटक्यात एकाले ढकललं. फाऊल. मंग दुसऱ्याच्या अंगावर पडला. फाऊल. सासरा म्हने, "हे पोट्टं बास्केटबॉल खेळून राहिलं का कुस्ती?" अर्ध्या मॅचच्या आतच त्याचे पाच फाऊल झाले. पाच झाले का पोट्टा बाहेर, अन् बाकावरचा आपोआप आत. हे मले मालूम व्हतं. पन असं हून राहीन, हे डोक्यातच आलं नाई.

वकिलाचा पोट्टा उतरला. अन् काय उडी मारे, भाऊ! काय पासिंग करे! सारं म्याच शिकवाले लावलेलं. आमी मांगं व्हतो ते बरोबरीत आलो, मंग पुढं गेलो. सासरा बाजेवर उभा राहून वरडून राहिला. मीही वरडून राहिलो, पन कोनाच्या नावानं वरडू ते समजे ना. जिंकलो.

वकिलानं माहा हात धरला. "मानलं, साडभाऊ! पोराला लपवून ठेवलं, समोरच्यांना दमवलं, मग सोडला. काय डोकं!"

म्या छाती काढली. "डोकं तं लागतेच." बदला गेला तं गेला, मान तं भेटला, असं समजून मी हातपाय धुतले.

वापस आलो तं सासू पाट मांडून राहिली व्हती. नक्षीचा पाट उचलला, अन् पुन्हा वकिलाच्या ताटासमोर ठेवला.

माहा तोल गेला. "आई, आजही त्यालेच? थोरला जवाई मी हावो! याच पाटापायी त्याच्या पोट्ट्याले म्या एवढे दिवस बाकावर सडवलं!"

झालं. वकील चष्मा काढून पुसाले लागला. "म्हणजे ती उडी... ते पासिंग..." एवढंच बोलला. बायकोनं कपाळाले हात लावला.

सासूनं नक्षीचा पाट उलटा करून माह्यासमोर धरला. खालून वाळवीनं खाल्लेला, एक पट्टी दोरीनं बांधलेली.

"त्याले बसवते, कारन त्याले वजन नाई. तुमी बसले असते तं माह्या माहेरचा पाट मोडला असता. बसा भिताडाशी."