देवकीबायची पांढरी सीट

सुर्ल्यात कुठलीही नवी वस्तू घरात यायची तर आधी तिला परीक्षा द्यावी लागते. पडद्याचं कापड असो, सोफ्याचं कव्हर असो की भिंतीचा रंग, दुकानदाराकडून त्याचा तुकडा मागून आणायचा, घरापुढच्या सोप्याच्या कठड्यावर दगडाखाली दाबून ठेवायचा आणि चार दिवस त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. समोरच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जात राहतात, तांबडी धूळ उडत राहते. पाचव्या दिवशी जो तुकडा आणला तसाच दिसेल तो पास. डिचोलीच्या बाजारातले कापडवाले तर सुर्ल्याचं गिऱ्हाईक पायरी चढलं की काही न विचारता मरून आणि चॉकलेटी ताग्यांना हात घालतात. पांढरा रंग या परीक्षेत आजवर एकदाही पास झाला नव्हता.

या गावात देवकीबायने तीस वर्षं काढली होती. माहेर आमोण्याचं, मांडवीकाठचं, शेतीवाडीचं. गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी तिचा नवरा कृष्णनाथ तापाचं निमित्त होऊन गेला. मागे राहिला एक ट्रक आणि सहा वर्षांचा रुद्रेश. ट्रक विकून टाक, बाईमाणसाला हे झेपायचं नाही, असं सांगायला अख्खं गाव येऊन गेलं. त्यात ज्याला तो ट्रक स्वस्तात हवा होता तो रघुनाथ दोनदा येऊन गेला. देवकीबायने सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी चंदगडकडच्या केरबाला ड्रायव्हर म्हणून ठेवून स्वतः खाणीच्या फाटकावर नंबर लावायला उभी राहिली. शंभर पुरुषांत एक बाई. घरात कोकणी, वाचायला मराठी आणि ड्रायव्हरांशी भांडायला कोल्हापुरी, अशा तीन भाषा तिने त्या फाटकावर पक्क्या केल्या. बावीस वर्षांत एकाचे चार ट्रक झाले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती गाडी चालवायलाही शिकली. शिकवणारा घाबरला, ती घाबरली नाही.

तर आता घरात गाडी यायची होती, आणि साधीसुधी नव्हे, जर्मन. हट्ट रुद्रेशचा. ट्रकमालकांच्या संघटनेचा अध्यक्ष झालेल्या रघुनाथने आदल्या वर्षी तशी गाडी घेतली होती आणि तेव्हापासून रुद्रेशला आपली जुनी गाडी दारात उभी करायची लाज वाटत होती. देवकीबायने एकच अट घातली. गाडी माझ्या नावावर. बाकी कुठली, केवढी, ते तुमचं तुम्ही बघा.

पणजीच्या वाटेवरच्या शोरूममध्ये अजय नावाचा एक टायवाला तरुण होता. त्याने रुद्रेशला साहेब म्हटलं, सून गौरवीला मॅडम म्हटलं आणि देवकीबायला पाणी दिलं. मग आतल्या सीटचे रंग दाखवायला कातड्याच्या तुकड्यांचं जाडजूड पुस्तक पुढे ठेवलं. काळा, राखाडी, दालचिनीसारखा तांबूस तपकिरी आणि शेवटच्या पानावर हस्तिदंती. म्हणजे ताकासारखा, पांढऱ्याच्या अगदी जवळचा.

"डिचोलीकडचे सगळे साहेब हाच घेतात," तपकिरीवर बोट ठेवत अजय म्हणाला. "तुमच्याकडे धूळ असते ना. याच्यावर काही दिसतच नाही."

रुद्रेशने मान डोलावली. देवकीबायने पान उलटलं आणि हस्तिदंती तुकड्यावरून हात फिरवला. तिचा हात तिथेच थांबला. तिला एकदम आठवलं की तीस वर्षांत आपण एकही वस्तू आवडली म्हणून घेतलेली नाही. साड्या चॉकलेटी, चादरी चॉकलेटी, घराच्या भिंती कमरेपर्यंत गेरूच्या. जे घेतलं ते धूळ दिसणार नाही म्हणून घेतलं. तिला स्वतःचाच राग आला.

"हे चारूय घरा व्हरतां," ती म्हणाली.

"मॅडम, पुस्तकातले तुकडे बाहेर जात नाहीत."

"गाडी कोणाच्या नांवार?"

अजयने कागद पाहिला, पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं आणि पुस्तकातले तुकडे सोडवायला स्क्रूड्रायव्हर आणायला आत गेला.

चार तुकडे चार दगडांखाली कठड्यावर बसले. मार्च महिना, खाणींचा हंगाम भरात. पाचव्या दिवशी निकाल ऐकायला रघुनाथही हजर. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या गाडीचा रंग ठरत असताना गप्प घरी बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. काळ्यावर तांबूस साय धरली होती, राखाडी मळकट झाला होता. हस्तिदंतीची तर रया गेली होती. तपकिरी मात्र शोरूममधून आत्ताच आणल्यासारखा.

"पळय, आई," रुद्रेश वाद मिटल्यासारखा खूश झाला. "हो पास. आतां कितें उलोवपाचें ना."

देवकीबाय आत गेली आणि एक धुतलेलं पांढरं फडकं भिजवून, पिळून घेऊन आली. कोणाला काही कळायच्या आत तिने फडक्याच्या एका टोकाने तो पास झालेला तपकिरी तुकडा खसकन पुसला. दुसऱ्या टोकाने काळा, तिसऱ्याने राखाडी, चौथ्याने हस्तिदंती. मग फडकं दोन्ही हातांनी पसरून तिघांसमोर धरलं. चार कोपऱ्यांवर चार डाग. चारही तांबडे, चारही सारखे.

"सांग म्हाका, हातूंतलो खंयचो तपकिरीचो?"

रघुनाथने तपकिरीचा डाग शोधायला फडक्याचे चारही कोपरे उलटून पाहिले.

"धुल्ल चारांचेरूय तितलीच पडल्या," ती म्हणाली. "हाचेर दिसता, इतलेंच. म्हाका हो जाय." आणि तिने हस्तिदंती तुकडा उचलला.

रुद्रेश चिडला. चिडणारच. सीट महिन्याभरात लाल होईल, लोक हसतील, विकायला काढली तर कोणी उभं करणार नाही, त्याने सगळं सांगून पाहिलं.

"लोक हांसूं दी. पयलीं म्हाका आनी मागीर तुका."

गौरवीही कठड्याशीच उभी होती. घरात दिवसातून तीनदा केर काढणारी, पोराचे शाळेचे पांढरे शर्ट खोलीत पंख्याखाली वाळवणारी तीच. तिने मुद्द्याचं विचारलं. "आई, पूण पुसपाचें कोणें?"

"कोणेंच ना. पुसपाचें ना."

"म्हणजे?"

"म्हणजे जशी जाता तशी जाऊं दी. इतलीं वर्सां आमी पुसलें आनी लिपयलें. आमी फुफ्फुसां खंय पुसतात काय? गाडयेन बसतलो तो पळयतलो, आमी कितें घेवन जियेतात तें."

गौरवीने तो मळलेला तुकडा सासूच्या हातातून घेतला. मग म्हणाली, "हस्तिदंतीच घेया." रुद्रेशने बायकोकडे असं पाहिलं, जणू तिने भर मतमोजणीत पक्ष बदलला होता.

फॉर्मवर देवकीबायने ठळक मराठीत सही केली. अजयने तीनदा विचारून खात्री करून घेतली. तिने तिन्ही वेळा तेच सांगितलं.

गाडी आली दसऱ्याला. पावसाळा संपून खाणी नुकत्या सुरू झाल्या होत्या. झेंडूची माळ घातलेल्या त्या काळ्याभोर गाडीचं दार उघडलं आणि आतलं ते पांढरंशुभ्र पाहून पूजेला आलेल्या बायका चपला काढून आत डोकावल्या. तीन आठवड्यांत सीट पायाशी गुलाबी झाली, महिन्यात पाठीशी तांबडी. देवकीबायने कोणाला फडकं लावू दिलं नाही. स्वतःही आता फिकट साड्या नेसायला लागली. साखळी गावातल्या बँकेत ती उठली तेव्हा साडीच्या मागे तांबडा पट्टा उमटला होता. मॅनेजरने संकोचून कागदी रुमाल पुढे केला. "राहू दे," ती म्हणाली, "सुर्ल्याची आहे." आणि सगळ्या बँकेदेखत तशीच चालत बाहेर आली. डॉक्टरकडे, लग्नाला, तालुक्याच्या कचेरीत, सगळीकडे ती त्याच गाडीने गेली. ज्याने विचारलं त्याला दार उघडून दाखवलं. गावातल्या बायका तिला अडवून आपल्या कपाटातल्या धुळीचे आणि पोरांच्या खोकल्याचे किस्से सांगू लागल्या. जे तीस वर्षं कोणी बोललं नव्हतं ते त्या सीटवरून बोललं जाऊ लागलं.

रघुनाथला हे खपणं शक्यच नव्हतं. डिसेंबरात संघटनेची बैठक भरली. देवकीबाय नेहमीसारखी पहिल्या रांगेत, बाजूला रुद्रेश. इतर विषय झाल्यावर रघुनाथ हसत हसत उठला.

"देवकीबाय गाडी घेवन गांवभर भोंवतात, धुल्ल दाखयतात," तो म्हणाला. "बरें. पूण ती धुल्ल कोणाची? तांचे चार ट्रक भरून वतात, चारांतल्या एकाचेरूय ताडपत्री ना. आपलीच धुल्ल आपल्याच सीटीर आनी नांव आमचें!"

सभा खदखदून हसली. देवकीबायने बाजूला पाहिलं. रुद्रेशही हसत होता.

घरी येताना तिने ते बोलणं मनात पुन्हा पुन्हा तपासलं. रघुनाथच्या बोलण्यात विष होतं, पण खोटं एक अक्षर नव्हतं. भरलेल्या ट्रकवर ताडपत्री बांधायची असा नियम होता. सगळ्यांच्या ताडपत्र्या केबिनमागे घडी करून ठेवलेल्या असत, तपासणीला कोणी आलं तर दाखवायला. तिच्याही. फाटकावर बावीस वर्षं उभं राहून तिने हे डोळ्यांनी पाहिलं होतं आणि एका शब्दाने हटकलं नव्हतं. जे सगळ्यांनी केलं तेच तिने केलं होतं. तिला लाज वाटली, आणि लाज वाटली की देवकीबाय मुळूमुळू रडणाऱ्यांतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा पहिली ट्रिप भरून फाटकाबाहेर पडला तर समोर रस्त्यावर आडवी ती जर्मन गाडी. स्टिअरिंगवर देवकीबाय. केरबाच्या मागे तिचेच आणखी तीन ट्रक, त्यांच्या मागे रघुनाथचे आणि मग अख्ख्या गावाचे.

"आक्का, गाडी बाजूला घ्या की," केरबा खिडकीतून म्हणाला.

"ताडपत्री बांध."

"बांधत बसलो तर नदीच्या जेटीवर माल उतरायचा नंबर जातोय बघा. दिवसाची एक ट्रिप बुडती."

"बुडू दे."

"रुद्रेशदादा काय म्हणत्याल?"

"ट्रक कुणाच्या नावावर हाय, केरबा?"

केरबा मुकाट्याने उतरला. मागे हॉर्न सुरू झाले. एक, दोन, मग तीस-चाळीस एकदम. रघुनाथ धुळीतून तरातरा चालत आला, चेहरा लाल. "देवकीबाय, रस्तो तुज्या बापायचो न्हय!"

"न्हय," काच पूर्ण खाली करून ती म्हणाली. "म्हणूनच बांदतां."

तेवढ्यात मोटरसायकल टाकून रुद्रेश पोहोचला. "आई, कितें चलयलां हें? सगळ्यांमुखार लज काडली आमची!"

"काल तूं हांसलो. हांवें पळयलें." तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यानेच तो जास्त गडबडला. "रघुनाथ म्हणालो तें खरें काय फट?"

रुद्रेशने रघुनाथकडे पाहिलं, ट्रकवर चढून एकटाच दोरी ओढणाऱ्या केरबाकडे पाहिलं. "खरें," तो पुटपुटला.

"मागीर हांसता कित्याक? दोरी धर."

त्याने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तोंडातल्या तोंडात बडबडत चाकावर पाय देऊन वर चढला. पहिली ताडपत्री बांधून झाली, दुसरी झाली. तिसऱ्याची घडी इतकी वर्षं उलगडलीच नव्हती, ती चिरफाळली. तिच्यावर दुसरं कापड घालून दोऱ्या आवळल्या. चौथी बांधून रुद्रेश खाली उतरला तोवर रस्त्याकडेला निम्मं गाव जमा झालं होतं, आणि गौरवी सगळ्यांत पुढे होती.

देवकीबायने गाडी मागे घेऊन रस्ता मोकळा केला. तिचे चार ट्रक एकामागून एक निघून गेले. हॉर्न थांबले. झालं एकदाचं, म्हणत रघुनाथने आपल्या पहिल्या ड्रायव्हरला हात केला. उघडा ट्रक गुरगुरत पुढे आला.

देवकीबायने गियर टाकला आणि गाडी पुन्हा रस्त्यात आडवी आणली.

"आतां तुजे," ती म्हणाली.