बत्तिशीचं जपानी मेपल

आमच्या समोरच्या दारातल्या बाईंचं खरं नाव जिन्यात कुणाच्याच तोंडी नाही. ती दातांच्या कवळ्या बनवते, म्हणून ती बत्तिशी. नाव मीच ठेवलंय आणि ते तिला ठाऊक आहे. माझ्यावर कवळीची वेळ आली की बघून घेईन, असं तिनं मला दोनदा बजावलंय.

वय पंचावन्न, उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. दवाखान्यामागच्या खोलीत खिडकीपाशी तीस वर्षं तिचं टेबल आहे. मेणाच्या गुलाबी हिरडीत एकेक दात बसवायचा, पुढच्या दोन दातांत केसभर तिरकेपणा ठेवायचा, म्हणजे तोंडात गेल्यावर ते खरे वाटतात. पांढऱ्या रंगाच्या सोळा छटांची पट्टी तिच्या खिशात असते. "पांढरं आणि गुलाबी बघून डोळे विटले गं," असं ती एका पानगळीत म्हणाली आणि रोपवाटिकेतून जपानी मेपल घेऊन आली. गुडघ्याएवढं रोप, इवल्या पंजासारखी पानं, रंग गडद लाल. तीन मजले ते तिनं कडेवर घेऊन चढवलं. मी अर्थातच दार उघडून उभी होते.

"कुणावर गेलंय?" मी विचारलं.

"माझ्यावर. सावकाश वाढतं."

घर तिचं आणि तिच्या थोरल्या भावाचं, दोघांच्या नावावर. राज्य मात्र वहिनीचं. वहिनीला बाल्कनीत वॉशिंग मशीन बसवायचं होतं आणि बाल्कनी एवढीशी, की मशीन तरी मावेल नाहीतर कुंडी तरी. दादाला भांडण नको असतं. त्यानं तोडगा काढला, "पुढच्या पानगळीपर्यंत याचं झाड झालं, तर राहील. काडीच राहिली, तर मशीन येईल."

"बघू," बत्तिशी म्हणाली. ती 'हो' कधीच म्हणत नाही. हे दादाला अजून कळलेलं नाही.

मग तिनं झाडाचा संसार मांडला. रुंद कुंडी आणली, तळाला भोकं कमी वाटली म्हणून आपल्या कामाच्या बारीक ड्रिलनं आणखी पाडली. पाणी साचून मुळं कुजू नयेत म्हणून मातीत झाडाच्या सालीचे तुकडे मिसळले. सकाळचं ऊन मिळेल, दुपारचं लागणार नाही, असा कोपरा निवडला. रोपाच्या बुंध्याशी, मातीच्या जरा वर, एक ओबडधोबड गाठ होती. ती तिला खुपली. कवळीत दात कुठं संपला आणि हिरडी कुठं सुरू झाली हे दिसलं, की काम कच्चं; हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. तिनं चार ओंजळी माती वर घातली आणि गाठ झाकून टाकली. "वा, किती सुबक!" असं मीसुद्धा म्हणाले. माझं काय जातंय म्हणायला!

थंडीत पानं झडली. वहिनी रागावली की नणंदेला 'वन्सं' म्हणते, एरवी नावानं. त्या थंडीत वन्संचा सुकाळ होता. "वन्सं, तुमच्या काडीवर मोजे वाळत घालू का?"

वसंतात फांद्यांच्या टोकांना थोडी लाल पानं आली. आणि खालून, मातीतून, दोन सरळसोट हिरवे फुटवे असे उसळले, की उन्हाळा लागेपर्यंत कमरेला पोचले. आख्खा जिना बघायला येऊन गेला. दादानं तर पानगळीची वाटही पाहिली नाही. "झालं की झाड! राहू दे आता." वहिनीनं दोन दिवस छोट्या भांड्यांची आदळआपट केली, मग मोठ्यांची.

म्हणजे बत्तिशी जिंकली होती. पण तिच्या कपाळावरची आठी जाईना. वरची लाल पानं मोजकीच, कडांनी करपलेली. बोट मातीत खुपसून बघावं, तर ओल व्यवस्थित. शेवटी तिनं सुट्टी टाकली आणि मोबाइलवर फोटो घेऊन रोपवाटिका गाठली. मी बरोबर गेले. असली गोष्ट मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकते होय!

रोपवाटिकेच्या म्हाताऱ्यानं फोटो मोठा केला. "बाई, सांधा कुठंय?"

"कसला सांधा?"

"हे कलम आहे. खाली साधं हिरवं मेपल, वर तुमचं लाल. मधे गाठ असते."

"ती? झाकली मी. बरी दिसत नव्हती."

म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. "अहो, ती दिसायलाच हवी! त्याशिवाय कळणार कसं, कुठला फुटवा कुणाचा? तुमचे हिरवे दोन्ही खालच्याचे. वरच्याच्या तोंडचा घास खातायत. मुळापासून काढा, नाहीतर लाल मरेल."

"काढल्यावर लाल जगेल?"

"जगेलही. सांगता येत नाही."

परतीच्या वाटेवर मी तिला शहाणपण शिकवलं. "असू दे की हिरवं! झाड ते झाड. दादा खूश, बाल्कनी तुझी. पानगळीनंतर काप हवं तर."

"तोवर लाल राहील का?"

मी तिच्या मोबाइलवर तो फोटो पुन्हा मोठा करून बघितला.

घरी येऊन तिनं माती उकरून गाठ उघडी केली. दात घासायच्या ब्रशनं ती स्वच्छ केली. दोन्ही फुटवे तिनं माती बाजूला सारत त्यांच्या उगमापर्यंत शोधले आणि धारदार पात्यानं कापले. उरलं काय? वीतभर पसरलेलं एक किडमिडीत रोप आणि अकरा पानं. मी दोनदा मोजली.

वहिनी दारात येऊन उभी राहिली. आनंद लपवताना तिचा चेहरा फार दुखत असावा. "अगंबाई, जिवंत होतं तेवढंच कापलंत की, वन्सं!"

दादा खरंच चिडला. "मी तुझ्या बाजूनं बोललो होतो ना? आता मला बोलायला जागा ठेवलीस का?"

"नको बोलूस."

"मग मशीन येणार. ठरलं होतं आपलं."

"तुझं ठरलं होतं. मी 'बघू' म्हणाले होते."

पानगळ सुरू झाली आणि एका सकाळी मशीन आलं. दोन माणसं ते जिन्यातून वर आणत होती, मी त्यांना वाट दाखवत होते. गरज नव्हती तरी. दादानं बाल्कनीकडे हात केला. एवढ्यात बत्तिशीनं आपल्या खोलीचं दार सताड उघडलं.

"इकडे."

खोलीत तिचं कपाट नव्हतं. आदल्या दिवशीच तिनं ते दवाखान्याला देऊन टाकलं होतं, साचे ठेवायला. रिकाम्या जागेच्या भिंतीत नवा नळ होता; पलीकडे मोरीच आहे, त्यामुळे प्लंबरचं काम तासाभरात उरकलं होतं. जागा तिनं स्वतः मोजली होती. मशीन आत सरकलं आणि दोन्ही बाजूंना बोटभर फट राहिली.

"आणि तुझे कपडे?" वहिनीचा आवाज वन्सं विसरला.

"बॅगांत. पलंगाखाली."

"मी रोज तुझ्या खोलीत येऊन कपडे धुवायचे?"

"ये की. दार उघडंच असतं."

दादा बाल्कनीत गेला. कुंडीवर वाकून त्यानं ते रोप बराच वेळ न्याहाळलं. पानं आता सतरा होती, सगळी लाल.

"अजून काडीच आहे," तो म्हणाला.

"हो," बत्तिशी म्हणाली. "सरक जरा, ऊन अडवतोयस."