साहेबांचा होकार

आमचे हे बांधकाम खात्यात आयुष्यभर एकच काम मन लावून करत आले, नाही म्हणण्याचं. कशालाही मान्यता दिली की पुढेमागे चौकशीत अडकायचं, ही ह्यांची भीती. त्यामुळे भिंत दिसली की हे ओळंबा सोडणार, एक डोळा मिटणार आणि म्हणणार, "पुन्हा बघू." निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्यांनी ह्यांचं इतकं तोंड भरून कौतुक केलं, की मला वाटलं, सुटले बिचारे.

घरीही तेच. लेक बाळंतपणाला येणार म्हणून मागे एक खोली काढली. भिंती झाल्या, छप्पर झालं आणि फरशीपाशी ह्यांचं घोडं अडलं. म्हणे उतार बरोबर नाही. "राहू दे आई, मी इथेच बरी आहे," असं लेक फोनवर म्हणाली तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही. नातू सासरीच जन्मला, आता घरभर पळतो, आणि खोलीत सिमेंटची पोती सुखाने नांदताहेत.

अशा माणसाला एका संस्थेने परदेशात दवाखान्याच्या बांधकामावर देखरेख करायला स्वयंसेवक म्हणून बोलावलं. ह्यांना साधा चहा करता येत नाही, म्हणून मलाही बरोबर नेलं.

तिथे एका दुकानाच्या माडीवर खोली मिळाली. सकाळी उठून हे डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवायचे, खिशात ओळंबा टाकायचे, काखेत उतार तपासायची पाणसळ घ्यायचे आणि आरशासमोर जरा रेंगाळायचे. तिथली भाषा शिकायला काही तयार झाले नाहीत. "ह्या वयात कुठे डोक्याला ताप," म्हणाले. माझं वय बहुधा वेगळं असावं. घरमालकीण आणि भाजीवाली ह्यांच्याकडून मी कामापुरतं बोलायला शिकले आणि फुकटची दुभाषी झाले. ह्यांनी नाही म्हणायचं, मी ते गोड करून सांगायचं आणि गवंड्याच्या शिव्या मी खायच्या, कारण त्या ह्यांना कळायच्या नाहीत.

संध्याकाळी हे नातेवाइकांना व्हिडिओ कॉल लावायचे. "माझ्याशिवाय इथे एक वीट ठेवत नाहीत," असं सांगायचे. ते खरंच होतं. ठेवली तर काढावी लागायची.

सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो दवाखान्यातल्या बाळंतिणीच्या खोलीने. खोली केव्हाच झाली होती, खाट आली होती, नळाला पाणी आलं होतं. पण दार खाली किंचित घासत होतं. सुताराने ते काढलं, रंधा मारला, पुन्हा बसवलं, आणि ह्यांनी पुन्हा काढायला लावलं. तोवर नर्सबाई जुन्या इमारतीच्या बोळात पडदा लावून बाळंतपणं करत होत्या. पडद्याअलीकडे खोकल्याचे पेशंट रांगेत उभे असायचे. आडव्या बांध्याच्या, फटकळ बाई. रोज येऊन मला विचारायच्या, "खोली कधी?" आणि मी रोज काहीतरी थाप मारायचे.

एका दुपारी त्या एका पोरीला हाताला धरून थेट बांधकामावर घेऊन आल्या. पोरीला कळा सुरू झालेल्या. बरोबर तिची आई.

"आज मी ही खोली घेणार," नर्सबाई म्हणाल्या. "तुझ्या साहेबांना विचार."

हे दारापाशी गुडघ्यावर बसले होते. मान वर न करता म्हणाले, "सांग तिला, दार घासतंय. पास नाही."

पोरगी भिंतीला टेकून ओठ चावत होती. तिची आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मला ह्यांचा असा राग आला, की ह्यांचे आजवरचे सगळे नकार एकदम आठवले. मी नर्सबाईंकडे वळले.

"साहेब म्हणतात, खोली तयार आहे. आत घेऊन जा."

त्यांनी ह्यांचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले, पोरीला आणि तिच्या आईला आत घेतलं आणि दार ओढलं. दार घासलं, कुरकुरलं आणि लागलं.

"अगं, काय म्हणाली ती? आत कशी गेली?"

"म्हणाली, असा देखरेख करणारा माणूस आजवर पाहिला नाही."

हे कपडे झटकत उभे राहिले. "ते आहेच," म्हणाले. तासाभराने आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा गवंड्याने ह्यांची पाठ थोपटली, आणि ह्यांनी पाणसळ हळूच पिशवीत टाकली. "वेळेवर खोली ताब्यात दिली, म्हणून निभावलं," हे त्या संध्याकाळी सगळ्या नातेवाइकांना ऐकायला मिळालं. मी भांडी घासत होते, घासत राहिले.

घरी परतलो त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. तिला पुन्हा दिवस गेले होते. जरा अडखळतच तिने विचारलं, "आई, मागच्या खोलीचं काय झालं गं?"

"तिला सांग," हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "उतार पुन्हा बघावा लागेल."

"बाबा म्हणताहेत, बॅग भर आणि ये," मी म्हटलं.

पलीकडून ती म्हणाली, "बाबा असं म्हणाले?"

"अगदी शब्दाला शब्द."

फोन ठेवला आणि लगेच मागच्या खोलीच्या गवंड्याला लावला.