मधोमध एकच भांडं

नवं काहीतरी खायचं म्हणून आम्ही चौघी मैत्रिणी कोरियन हॉटेलात गेलो. टेबलाच्या मधोमध सूपचं एकच मोठं भांडं आलं. प्रत्येकीने आपला चमचा त्यातच बुडवून खायचं, अशी तिथली पद्धत. टीबीतून बरी झालेली नंदा वर्षभराने आमच्यात आली होती. तिने घोट घेतला, "छान आहे गं," म्हणाली आणि चमचा पुन्हा भांड्यात बुडवला.

आमचे तिघींचे हात थांबले. कॉलेजात आम्ही एकमेकींचा उष्टा पेरू हिसकावून खायचो. आता तिच्यापासून काही धोका नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलंही ठाऊक होतं. पण हाताला ते कोण सांगणार?

"फार गरम आहे, निवू दे," मी म्हणाले.

नंदाने माझ्याकडे पाहिलं. चमचा हळूच खाली ठेवला. "हो, गरमच आहे."

सूपची वाफ केव्हाच गेली होती. आम्ही अजून ते निवायची वाट बघत होतो.